जुनी गाडी, कमी वेगात हिसके मारते: थ्रॉटल, चेन की इंजेक्शन?

संथगती
मंडळी, सेकंडहँड गाडी घेतली आहे. सिंगल सिलिंडर, दोनशेच्या आतली सीसी, एफआय (पेट्रोल इंजेक्शन), केबलचा थ्रॉटल, पाच गिअर, मागे ड्रम ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर तक्रार नाही, चौथ्या-पाचव्यात छान खेचते. भानगड फक्त हळू चालवताना. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण सोडलेली असते, मग किंचित द्यायला गेलं की आधी काहीच होत नाही आणि पुढच्या क्षणी गाडी हिसका मारून पुढे. दचकून रेस सोडली की नाक खाली. असं लागोपाठ झालं की गाडी गचके खात चालते आणि मागे बसलेल्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळतं. यू-टर्नला सगळ्यात वाईट, कारण गाडी तिरकी असते आणि झटका नेमका तेव्हाच बसतो.

आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललाय. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मेकॅनिक म्हणतो, एफआय गाड्या अशाच असतात, फारच वाटत असेल तर रिमॅप करा, म्हणजे इंजेक्शनच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा तक्ता (मॅप) बदला. मला त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल ते हवंय. पाने आहेत, मल्टिमीटर आहे, हात काळे करायची तयारी आहे.

गतिरोधक
प्लग, एअर फिल्टर, ताजं पेट्रोल. हे झालं का? नसेल तर आधी ते. पुढचं पुढे.

रिमॅपराजा
मेकॅनिक चुकीचं सांगत नाहीये. धुराच्या नियमांत बसवायचं म्हणून कमी आरपीएमला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) ठेवलेलं असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) नीट काम करायला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं, इंजिनाला मात्र 13 च्या आसपासचं मिश्रण जास्त मानवतं. त्यात रेस पूर्ण सोडलेली आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर असेल तर ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरच बंद करतो. पुन्हा मूठ वळवली की पेट्रोल शून्यातून चालू. तोच तुमचा झटका. वर सायलेन्सर बदललेला. रिमॅप करा आणि मोकळे व्हा.

तेरा_नंबर_पाना
रिमॅपराजा, शास्त्र बरोबर, क्रम उलटा.

झटक्याची सुरुवात पेट्रोलमुळे होत असेलही, पण तो पाठीला किती लागतो हे मधली ढिलाई ठरवते. मुठीपासून टायरपर्यंतची वाट बघा: मुठीतला प्ले (मोकळी हालचाल), केबल, क्लच बास्केट, गिअरचे डॉग (एकमेकांत अडकणारे खुंटे), स्प्लाइनवरचं (खाचांच्या शाफ्टवरचं) पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), चेन, हबमधली धक्का खाणारी रबरं. रेस सोडली की चाक इंजिनाला फिरवतं, चेनचा खालचा पदर ताठ आणि वरचा ढिला. रेस दिली की उलट. या अदलाबदलीत मधली सगळी ढिलाई भरून निघेपर्यंत इंजिन रिकामंच फिरतं, तेवढ्यात वेग घेतं आणि मग चाकावर जाऊन आदळतं. संथगती, तुम्ही लिहिलंय 'आधी काहीच होत नाही आणि पुढच्या क्षणी हिसका'. ते वाचूनच मला चेनचा संशय आला. पातळ मिश्रणाची गाडी बहुतेक वेळा आधी अडखळते, भुक्क करते. आदळत नाही.

आणि पहिल्या गिअरला चाकापर्यंत पोचणारा टॉर्क वरच्या गिअरच्या जवळपास तिप्पट असतो. म्हणून पाचव्यात तोच दोष असून कळत नाही.

दोन सोप्या तपासण्या करा, खर्च काही नाही.

पहिली: इंजिन गरम करून न्यूट्रलला उभी करा आणि मूठ थोडी वळवून काटा 2000 ते 2500 वर धरा. आवाज एकसुरी राहिला, काटा हलला नाही, तर इंजिन बहुधा ठीक आहे. काटा वरखाली डोलत असेल तर हवा, पेट्रोल किंवा सेन्सर.

दुसरी: इंजिन बंद, मेन स्टँड, पहिला गिअर. मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा आणि अडेपर्यंत टायर किती फिरतो ते बघा. थोडी ढिलाई प्रत्येक गाडीत असते, गिअरबॉक्सला ती लागतेच. पण टायरच्या कडेला चार-चार बोटं फिरत असेल तर इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवा.

ऑइलचे_डाग
पानासाहेबांशी सहमत, फक्त मुठीपासून सुरू करा. पाच मिनिटांचं काम. मूठ हळूच वळवा आणि केबल ओढली जाईपर्यंत मुठीची कड किती फिरते ते पाहा. बऱ्याच गाड्यांना 2 ते 6 मिमी दिलेलं असतं, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये. जुन्या गाडीत कोणी बघतच नाही, मग ढिलाई वाढत जाते आणि हाताला नेमकं कुठे उघडतंय ते कळत नाही. हात अंदाजाने जास्त वळवतो.

मी ती 2 मिमीच्या आसपास ठेवतो. शून्य करू नका. शून्य केलं आणि हँडल पूर्ण वळवलं की केबल ताणून रेस आपोआप वाढते, तीही यू-टर्नमध्ये. म्हणून ॲडजस्ट केल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा, आरपीएम बदलता कामा नये. बदलला तर प्ले कमी आहे किंवा केबल कुठेतरी चेपली आहे.

मूठ सोडल्यावर खटकन परत येते का? ग्रिपची कड बार-एंडच्या वजनाला घासत असेल, आत जुना चिकटा साठला असेल, तर मूठ आधी अडते आणि मग सुटते. त्या सुटण्यालाच लोक 'ऑन-ऑफ थ्रॉटल' म्हणून इंजेक्शनच्या नावाने ओरडतात. स्विच हाउसिंग उघडा, पाइप पुसून घ्या, केबलच्या टोकाच्या गोळीला ग्रीसचं एक बोट. हँडलच्या पाइपवर ग्रीस थापू नका, धूळ धरतं.

पाऊसवाट
आधीच्या मालकाने 'क्विक थ्रॉटल' बसवलाय का तेही बघून घ्या. आतल्या पाइपची कप्पी मोठी असते, मूठ थोडी वळवली तरी बटरफ्लाय (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडतं. सायलेन्सर बदलणारे हात सहसा एका वस्तूवर थांबत नाहीत.

संथगती
सगळ्यांचे आभार. आजचा अहवाल.

प्लग आणि फिल्टर ठीक. पेट्रोल ताजं. मुठीत प्ले बराच होता, कडेला जवळजवळ बोटभर. 2-3 मिमीवर आणला. क्विक थ्रॉटल नाही.

चाक हलवून पाहिलं. चार बोटं नाही, त्याहून जास्त. मग चेन. मेन स्टँडवर चाक फिरवत खालच्या पदराचं सॅग (झोल) मोजत गेलो, तर एका जागी जेमतेम 20 मिमी आणि अर्धा फेरा पुढे 45! स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर 25 ते 35 लिहिलंय. एका ठिकाणी कड्या नीट वळतच नाहीत, मागच्या स्प्रॉकेटवरून उतरताना वाकड्याच राहतात. पिनांच्या भोवती लालसर भुकटी आहे. वरून मात्र चेन तेलाने चकाचक. गाडी विकताना पुसून ठेवली असणार.

न्यूट्रलमध्ये काटा थोडासा डोलतो, पण फार नाही. ते नंतर बघावं का?

तेरा_नंबर_पाना
नंतरच. एका वेळी एक.

लालसर भुकटी म्हणजे पिन आणि बुशमधला गंज. वरून कितीही तेल घाला, आत पोचत नाही. ही चेन ताणून सुधारणार नाही: घट्ट जागेला बरोबर केली तर बाकी ढिली राहणार, ढिल्या जागेला बरोबर केली तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढणार. खात्री करायची असेल तर मोजा. तुमच्या गाडीला बहुधा 428 ची चेन असेल, तिचा पिच 12.7 मिमी, म्हणजे 20 कड्या नव्यात 254 मिमी. चेन ताणून धरून 21 पिनांमधलं अंतर मोजा. 259 च्या आसपास गेलं असेल तर चेन संपली. दुसरी खूण: मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागच्या बाजूला चेन बोटांनी ओढा. दात अर्धा उघडा पडला की निकाल लागला.

बदलताना पूर्ण सेट बदला, पुढचं-मागचं स्प्रॉकेट धरून. जुन्या आकडी दातांवर नवी चेन चढवली तर ती लवकर जाते. आणि चाक काढलंच आहे तर हबमधली रबरं बाहेर काढून बघा. स्प्रॉकेट कॅरिअर (मागचं स्प्रॉकेट बसतं तो भाग) हाताने धरून चाकात पुढे-मागे फिरवून बघा. खटखट खेळत असेल तर रबरं बसली. नवी रबरं बसवताना कॅरिअर जोर लावून दाबावं लागतं. जुन्या रबरांवर सहज आत गेलं तर समजा रबरं मेलेली आहेत.

गतिरोधक
नवी रबरं मिळेपर्यंत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून रबरांच्या बाजूला सारतात. काम चालतं काही दिवस.

तेरा_नंबर_पाना
चालतं, पण ते तात्पुरतंच. तुकडा सरकून एका बाजूला गोळा होतो.

जुनाट_पिस्टन
मी कार्बवाला, म्हणजे इंजेक्शनऐवजी कार्ब्युरेटर. धागा एफआयचा आहे तरी दोन ओळी, कारण वाचणाऱ्यांत कार्बवाले असणारच. चेन-रबर-केबलचं सगळं आमच्याकडेही जसंच्या तसं लागू. पुढे मात्र पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बघा. रेसच्या पहिल्या आठव्या हिश्श्यापर्यंत सत्ता त्याची, आणि गाडी काही महिने उभी राहिली की सगळ्यात आधी तेच चोंदतं. तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर. सीव्ही प्रकारचा कार्ब असेल तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) उजेडात धरून बघा, सुईएवढं भोकही पुरतं. आणि मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कोणता ते ओळखा. इंजिनाच्या बाजूला असला तर सहसा पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण जाड. एअर फिल्टरच्या बाजूला असला तर हवेचा, बाहेर काढला की पातळ. हे न बघता फिरवणारे उलटं करून बसतात आणि मग 'कार्ब बाद झालाय' म्हणतात.

मागचा_ब्रेक
गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवायची कशी हेही कोणीतरी सांगायला हवं. यू-टर्नमध्ये रेस पूर्ण सोडूच नका. किंचित दिलेली ठेवा आणि वेग मागच्या ब्रेकने, पायाने धरा. चेन एकाच बाजूला ताणलेली राहते, अदलाबदलच होत नाही, मग झटका कुठून येणार? हाफ क्लच वापरा, ओल्या क्लचला तेवढं सोसतं. जिथे पहिल्यात गचके बसतात तिथे दुसरा टाकून बघा. मुठीचं म्हणाल तर अंगठा किंवा तर्जनी स्विच हाउसिंगला टेकवा. खड्ड्यात मनगट उडालं की मूठही उडते आणि झटका आपणच देतो. गुडघे टाकीला घट्ट. वजन हातांवर असेल तर प्रत्येक गचक्याला मूठ पुन्हा वळणार आणि गचक्याला गचका लागत जाणार.

रिमॅपराजा
हे सगळं करूनही शेवटी माझ्याकडेच याल :)

संथगती
चेनसेट बदलला, रबरंही. जुनी रबरं काढली तेव्हा ती एका बाजूने चपटी होऊन चकाकत होती आणि हबमध्ये काळा चुरा होता. नवी शेजारी ठेवल्यावर कळलं की जुन्यांची जाडी किती उतरलीय. कॅरिअर बसवायला खरंच गुडघा लावावा लागला.

फरक जमीन-अस्मानाचा. ठक्क बंद. मागे बसणाऱ्याचं हेल्मेट आता मला लागत नाही.

पण थोडं उरलंय, आणि त्याचा प्रकार वेगळा वाटतो. आता हिसका नाही, तर रेस द्यायला सुरुवात केली की क्षणभर अडखळते. शिवाय रेस सोडली की आरपीएम पटकन खाली येत नाही, 2000 च्या आसपास रेंगाळतो आणि मग सावकाश उतरतो. गार असताना कमी, गरम झाल्यावर जास्त.

ऑइलचे_डाग
आरपीएम रेंगाळतोय म्हणजे बटरफ्लायच्या पुढे कुठून तरी चोरून हवा जातेय, किंवा बटरफ्लायच पूर्ण मिटत नाहीये. केबल तुम्ही नुकतीच ॲडजस्ट केलीत, म्हणून आधी ती बघा. थ्रॉटल बॉडीपाशी (बटरफ्लाय असलेल्या भागापाशी) कप्पी स्टॉपर स्क्रूला टेकते का? टेकत असेल तर केबल निर्दोष. त्या स्टॉपर स्क्रूला मात्र हात लावू नका. त्यावर रंगाचा ठिपका असतो, कारण तो कारखान्यात लावलेला असतो आणि सेन्सरचा शून्य त्याच्यावर अवलंबून असतो.

मग थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेडच्या मधलं रबर, म्हणजे मॅनिफोल्ड. जुन्या गाडीत ते कडक होतं आणि तडकतं. वरून दिसत नाही, तडा बहुतेक खालच्या अंगाला असतो. आरसा आणि टॉर्च घ्या, रबर हाताने वाकवून बघा. दिसलं नाही तर इंजिन आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून सांध्यांवर कार्ब क्लीनर थोडा-थोडा मारा. जिथे मारल्यावर आवाज बदलेल तिथे गळती. हा पदार्थ पेट घेतो, सायलेन्सरचा पाइप तापायच्या आत, मोकळ्या हवेत करा, आणि भसाभसा मारू नका. एमएपी सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) जाणारी बारीक रबरी नळी असेल तर तीही बघा. तिला चीर असली की ईसीयूला इंजिनातला दाब खोटा कळतो आणि तो पेट्रोल चुकीचं मोजतो.

रिमॅपराजा
आता माझ्या विषयात आलात म्हणून गंभीरपणे लिहितो. सायलेन्सर बदललाय ना? मग हेडपासून ऑक्सिजन सेन्सरपर्यंतचा प्रत्येक सांधा तपासा, गॅस्केटसकट. तिथे फट असेल तर बाहेरची हवा पाइपमध्ये ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवत बसतो. सांध्याभोवती काळी काजळी दिसली की समजा.

आणि कोणी तापमानाच्या सेन्सरला जोडायचं डबडं सुचवलं तर आधी विचारा की ते काय करतं. बरीच डबडी ईसीयूला हवा खरी आहे त्यापेक्षा गार असल्याचं भासवतात, म्हणून तो पेट्रोल थोडं वाढवतो. पण ज्या भागात ऑक्सिजन सेन्सर लक्ष ठेवून असतो तिथे ईसीयू ते वाढवलेलं परत कापतो. मॅप बदलण्याची सर याला येत नाही.

पाऊसवाट
रिमॅपराजांनी रिमॅपच्या आधी गॅस्केट बघायला सांगितलं. वाचनखूण साठवली.

संथगती
सापडलं! कप्पी स्टॉपरला टेकते. एमएपीची नळी शाबूत. सायलेन्सरच्या सांध्यावर काजळी नाही. मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढा तडा. नुसतं बघून दिसला नाही, बोटाने रबर दाबलं की ओठासारखा उघडतो. इंजिन तापल्यावर रबर मऊ होऊन तो जास्त उघडत असावा. क्लॅम्प कोणीतरी फार करकचून आवळलेला, स्क्रूचं डोकंही झिजलंय.

नवं मॅनिफोल्ड मागवलंय. तोवर थ्रॉटल बॉडी साफ करून घेऊ का? आत बटरफ्लायच्या कडेला काळं कडं आहे.

तेरा_नंबर_पाना
घ्या, पण पद्धतीने. कापडावर क्लीनर घेऊन पुसा, धार थेट आत मारू नका. ब्रश, पॉलिश पेपर अजिबात नाही. काही थ्रॉटल बॉडींच्या आत बटरफ्लायभोवती काळसर लेप मुद्दाम दिलेला असतो, तो काजळी समजून खरवडला की बटरफ्लाय मिटल्यावरही हवा जाते. बोटाला काळं लागलं तर काजळी, नाही लागलं तर हात आवरा. आयडलची हवा सोडणारा झडप-मोटरचा रस्ता असेल तर तिथलीही काजळी काढा.

काम झाल्यावर मल्टिमीटर आहे तर टीपीएसही (बटरफ्लाय किती उघडलंय ते सांगणारा सेन्सर) बघून टाका, पाच मिनिटांचा प्रश्न. कनेक्टर न काढता मागून पिन घालून, इग्निशन चालू, इंजिन बंद. एका तारेवर 5 व्होल्ट पुरवठा, एक अर्थ, तिसरी सिग्नलची. मूठ बंद असताना सिग्नल साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट असतो, मूठ सावकाश वळवत गेलात की आकडा न अडखळता चढला पाहिजे. मध्येच शून्यावर पडला किंवा उडी मारली तर सेन्सरचा आतला पट्टा झिजलाय. तो झिजतो तोही नेमका सुरुवातीलाच, कारण गर्दीत गाडीचं सगळं आयुष्य मुठीच्या त्या पहिल्या थोड्या वळणावरच जातं. सेन्सरचे स्क्रू ढिले करून 'सेट' करायला जाऊ नका. मॅन्युअलमध्ये पद्धत दिली असेल तरच.

गतिरोधक
व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) कधी बघितलाय? आधीच्या मालकाने नक्की नसणार. घट्ट व्हॉल्व्हने आयडल बिघडतो.

तेरा_नंबर_पाना
बरोबर. गार इंजिनावर, मॅनिफोल्डच्या कामाबरोबरच उरका.

संथगती
झालं एकदाचं. मॅनिफोल्ड बदललं, थ्रॉटल बॉडी पुसली, टीपीएस 0.6 पासून वरपर्यंत सरळ चढतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा घट्ट निघाला, तो लावून घेतला. मूठ सोडली की आरपीएम आता सरळ खाली येऊन 1400 वर बसतो. दुसऱ्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या बरोबरीने गाडी नेता येते. पहिल्यात रेस पूर्ण सोडून पुन्हा दिली तर बारीकसा धक्का अजून आहे, पण तो रिमॅपराजांनी सांगितलेला इंजेक्टर बंद-चालूचाच असावा. त्यासाठी मॅपला हात लावणार नाही, मागचा ब्रेक आणि हाफ क्लच पुरतात.

रिमॅपराजा
तो धक्का मॅपमधून जातो. लावा हात, नाहीतर सोडा, तुमची गाडी. माझ्या मते ती आता कुठे रिमॅपच्या लायकीची झाली.

संथगती
एक शेवटचा प्रश्न. चेनसेट घातल्यापासून गाडी बंद करून ढकलताना किंचित जड वाटते. चेन सॅग 30 आहे, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. थोडं चालवून आल्यावर मागचा हब हाताला गरम लागतो.

ऑइलचे_डाग
ड्रम आहे ना? नवी चेन बसवताना चाक पुढे-मागे सरकलं, पण ब्रेकचा दांडा आहे तेवढाच राहिला. जुन्या जागेपेक्षा चाक मागे गेलं असेल तर दांडा ताणला जातो आणि लायनर ड्रमला घासत राहतात. दांड्याच्या टोकाचा नट सैल करत जा, चाक हाताने मोकळं फिरेपर्यंत, आणि पेडलला मॅन्युअलमध्ये दिलेला प्ले ठेवा. मग मागच्या ब्रेक लाइटचा स्विचही बघा, त्याचीही वेळ बदलते. पुढच्या वेळी चेन ताणाल तेव्हा हे दोन्ही पुन्हा करायचं.